काच फुंकायला शिकायचंय : भट्टीवर की बर्नरवर?

भट्टी एकदा पेटवली की मनात आलं म्हणून विझवता येत नाही. दोन्ही वाटा इथेच वेगळ्या होतात. मुशीतली काच साधारण ११०० अंश सेल्सियसवर रात्रंदिवस पातळ ठेवावी लागते. ती गोठू दिली तर मूस तडकण्याची भीती. तुम्ही काम करा, झोपा, नाहीतर चार दिवस लग्नाला जा, इंधन जळतच राहतं. बर्नरवर, म्हणजे टेबलावरच्या ज्योतीत काचेच्या नळ्या तापवून काम करायचं तर, गॅस आणि ऑक्सिजन लागतो, पण चाव्या बंद केल्या की खर्च थांबला. हवा खेळती असलेल्या एका खोलीत एकटा माणूस रोज बसू शकतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला हाच फरक सगळ्यांत मोठा वाटतो, कारण हाताला वळण लागतं ते तासांच्या हिशेबाने.

तरीही भट्टीची ओढ मी समजू शकतो, मलाही ती आहे. लोखंडी फुंकनळी मुशीत बुडवून फिरवली की काच मधासारखी टोकाला गुंडाळली जाते. फिरवणं क्षणभर थांबलं तरी गोळा खाली ओघळतो. बाकावर बसायचं, एका हाताने नळी फिरवत राहायची आणि दुसऱ्या हातातल्या ओल्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर तो केशरी गोळा घोळवायचा. कागद चुरचुरतो, वाफ येते, जळका वास बोटांना रात्रीपर्यंत राहतो. तापलेली काच आणि तळहात यांच्यामध्ये तेवढी घडीच काय ती असते. नवखा माणूस गाल फुगवून जोरात फुंकतो. खरं तर छोटासा श्वास सोडून नळीचं तोंड अंगठ्याने बंद करायचं असतं. कोंडलेली हवा उष्णतेने फुगते आणि दुसऱ्या टोकाला बुडबुडा आपोआप मोठा होतो. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी अंगठा काढायचंच विसरलो होतो.

मात्र भट्टीवर मोठं काम एकट्याने होत नाही. नळीत फुंकायला एक, दार उघडायला एक, तयार वस्तू झेलायला एक. अमेरिकेचे काचकलाकार डेल चिहुली यांचा १९७६ च्या अपघातात डावा डोळा गेला, १९७९ मध्ये खांदा निखळला. त्यानंतर त्यांनी स्वतः फुंकणं सोडलं आणि रेखाटनं करून, चमूला सूचना देऊन काम चालू ठेवलं. चार माणसांत राहून काम करायला ज्याला आवडतं, त्याने भट्टीचा विचार जरूर करावा.

बर्नरवरचं काम म्हणजे प्रयोगशाळेची भांडी, त्यात कसली कला, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. मला ते अजिबात पटत नाही. लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या बापलेकांनी जर्मनीत टेबलावरच्या ज्योतीवर काच तापवून १८८७ ते १९३६ या काळात हार्वर्डसाठी वनस्पतींच्या चार हजारांहून अधिक प्रतिकृती केल्या. बर्नरवर नजर फार बारीक आणि बोटं फार तरबेज होतात. बोरोसिलिकेटच्या, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्रयोगशाळेच्या काचेच्या, दोन नळ्या दोन हातांत धरून एकाच गतीने फिरवायच्या. काचेतल्या सोडियममुळे ज्योत पिवळी पेटते. डिडिमियमचा चष्मा लावला की ते पिवळेपण नाहीसं होतं आणि जोडातलं सुईच्या टोकाएवढं छिद्रही दिसतं. ताण घालवायला वस्तू मंदभट्टीत ५६० अंशांच्या आसपास ठेवून सावकाश निववावी लागते. माझा पहिला कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची काचेची दुहेरी नळी, मी घाईत तसाच ठेवला होता. सकाळी आतल्या जोडाभोवती गोल चीर पडलेली होती.

दोन्हीकडची काच एकमेकींना जोडायला जाऊ नका. भट्टीवरची सोडा-लाइम, म्हणजे बाटल्या-ग्लासांची साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, त्यामुळे थंड होताना जोड फुटतो.

शिकायचं कुठे? महाराष्ट्रात भट्टीची काच होती : तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ चा, आणि ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील आपल्या आजी-आजोबांच्या घरांत होते. पण तो कारखानदारीचा काळ. आज भट्टीवर हात बसवायचा तर उत्तर प्रदेशातलं काचेचं गाव फिरोझाबाद गाठलेलं बरं. बर्नरचं काम जवळ सापडतं. पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संशोधन संस्थांत ग्लास ब्लोइंगचा विभाग असतो, शिवाय प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कार्यशाळा आहेत. तिथले जुने कारागीर बोलतात कमी, पण शेजारी उभं राहू देतात.

माझा कौल बर्नरला, निदान पहिलं वर्षभर. काच केव्हा मऊ झाली, केव्हा हात आवरायचा, ही नजर तिथे रोज घासून तयार होते आणि पुढे भट्टीवरही उपयोगी पडते. श्वासाचा अंदाज मात्र भट्टीवर नव्याने शिकावा लागेल. सुरुवातीला दहा मिलिमीटरच्या नळीचे तुकडे करा आणि सरळ जोड देत राहा, कंटाळा येईपर्यंत आणि त्यानंतरही. मग पंधरा दिवस काढून फिरोझाबादला जा, पण थंडीत. मे महिन्यात तिकडच्या भट्टीसमोर नवखा माणूस तासभरही टिकत नाही.