एलिस आयलंडची रेकॉर्ड्स: सासरच्या इटालियन पूर्वजांचा शोध, काही महिन्यांच्या वापरानंतर

माझं सासर इटालियन-अमेरिकन, न्यू जर्सीतलं. सासूबाईंना एवढंच ठाऊक, की पहिल्या महायुद्धाच्या आधी त्यांची आजी दोन पोरं घेऊन नेपल्सहून बोटीने आली. एलिस आयलंड म्हणजे न्यू यॉर्क बंदरातलं बेट, बोटीने आलेल्यांची तपासणी तिथे व्हायची. त्याच्या फाउंडेशनची, बोटींच्या प्रवासी याद्यांची ऑनलाइन सर्च मी बरेच महिने वापरतेय. अकाउंट काढलं की सर्च फुकट, प्रवासी यादीचं मूळ पानही फुकट बघता येतं, छापील प्रत हवी तर पैसे. जरूर वापरा, फक्त रिझल्टवर थांबू नका, मूळ पान उघडाच.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाईला माहेरच्या आडनावाने शोधा. इटलीत लग्नानंतरही कागदोपत्री तेच राहतं आणि यादीतही बहुतेक तेच असतं, आपल्याला आडनाव बदलायची सवय म्हणून हे पटकन सुचत नाही. माहेरचं आडनाव माहीत नसेल तर मुलांवरून जा, आम्हाला आजी तशाच सापडल्या, मुलं वडिलांच्या आडनावाने आणि बरोबर वरच्या ओळीत आई.

1907 च्या सुमारापासून यादी दोन पानी झाली, दुसरं पान पुढच्या इमेजमध्ये असतं आणि खरा खजिना तिथेच. कोणाकडे चाललात, तिकिटाचे पैसे कोणी दिले, हातात डॉलर किती, उंची, केसांचा रंग, जन्मगाव. आजींच्या ओळीत नवऱ्याचं नाव, न्यू यॉर्कमधल्या मलबेरी स्ट्रीटचा पत्ता आणि उंची 4 फूट 11 इंच. सासूबाईंनी आजींना कधी पाहिलंच नव्हतं, त्या उंचीचा आकडा वाचूनच रडल्या.

समासात फुली दिसली तर बोटीच्या याद्यांच्या शेवटी जा, तिथे थांबवून ठेवलेल्यांची वेगळी यादी असते. बायका-मुलांना बरेचदा घरचं माणूस न्यायला येईपर्यंत सोडत नसत, आणि त्या यादीत किती वेळचं जेवण दिलं तेसुद्धा लिहिलेलं असतं!

आडनाव एलिस आयलंडवर बदललं ही गोष्ट घरोघरी ऐकाल, पण ती खरी नाही. यादी बोट कंपनीचे लोक निघायच्या बंदरावरच भरायचे, इथले इन्स्पेक्टर तीच समोर ठेवून प्रश्न विचारायचे. स्पेलिंग बहुतेक नंतर बदलली, शाळेत, नोकरीत, नागरिकत्वाच्या कागदांवर. मात्र जुनं हस्ताक्षर वाचून इंडेक्स केलाय, त्यामुळे एल आणि एस, यू आणि एन यांची अदलाबदल धरूनच चाला. स्टीव्ह मोर्स यांचं वन-स्टेप हे वेबपेज, याच याद्यांत शोधायचं दुसरं साधन, यासाठी फार कामाचं, अर्धवट आडनाव आणि अंदाजे वय टाकूनही शोधता येतं.

जन्मगाव मिळालं की पुढचं काम इटलीत. अँतेनाती हे तिथल्या सरकारी आर्काइव्हजचं पोर्टल, तेही फुकट. दक्षिणेत नेपल्सकडच्या भागात नागरी नोंदी, म्हणजे जन्म, लग्न, मृत्यूच्या सरकारी नोंदी, 1809 पासून, सिसिलीत 1820 पासून, उत्तरेकडच्या व्हेनेतोत मात्र बहुतांशी 1871 नंतरच, त्याआधीचं चर्चमध्ये. तारखा अक्षरात लिहिलेल्या असतात, तेव्हा इटालियन आकडे आणि महिने शिकून घ्या, बाकी मजकूर साचेबद्धच आहे. जन्मनोंदीच्या समासात कधी कधी लग्नाचीही नोंद असते, ती बघायला विसरू नका. आमचं गाव अवेलिनो प्रांतातलं निघालं, सध्या त्याच वह्या चाळतेय, आजींच्या आईचं नाव मिळालंय, वडिलांच्या बाजूचं शोधणं चालू आहे.