पिस्तुलाच्या पॉलिमर (प्लास्टिक) फ्रेमला रंग द्यायचाय? सिराकोट, टू-के की डाय

बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर पिस्तुलाच्या काळ्या फ्रेमचा कंटाळा आलेलं कुणी ना कुणी भेटतंच आणि प्रश्न ठरलेला, टिकेल कुठला? माझं मत आधीच सांगून टाकतो, रंग कुठला हे नंतर, आधी प्लास्टिक किती साफ आणि कोरडं केलंय त्यावर सगळं आहे.

भोसरीत कुणी म्हणालं की गाडीच्या पार्टसारखं पावडर कोटिंग करून देतो, तर सरळ नाही म्हणा. ती भट्टी १८०-२०० डिग्रीला चालते, आणि फ्रेम ग्लास फायबर घातलेल्या नायलॉनची, वितळली नाही तरी जरासा पीळ पडला की संपलं.

सिराकोट म्हणजे हत्यारांवर मारतात तो पातळ सिरॅमिक थर, त्यातली एच सिरीज भट्टीत पक्की होते. धातूला १२० डिग्रीला दोन तास, पण पॉलिमरला ६५ ते ८० डिग्रीच ठेवायचं आणि वेळ वाढवायचा, आणि हे करणाऱ्याला माहितीय का ते आधी विचारून घ्या. थर साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणून पार्ट घट्ट होत नाहीत, घाम आणि साफसफाईचं तेल दोन्ही झेलते. सी सिरीज हवेतच वाळते, पूर्ण पक्की व्हायला पाचेक दिवस, भट्टीची कटकट नाही पण घासायला एचइतकी दमदार नाही.

टू-के म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा आपला बंपरवाला रंग, नाना पेठेत सगळं सामान मिळतं. प्लास्टिक प्रायमर आधी मारला तर छान धरतो आणि खर्चही कमी, फक्त थर जाड बसतो त्यामुळे रेल (स्लाइड सरकते त्या पट्ट्या) आणि मॅगझिनची जागा टेप लावून झाकायचीच. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या कापडी मास्कवर मारू नका, फुप्फुसाचा प्रश्न आहे.

साधा स्प्रे कॅन मी माझ्या एअर पिस्तुलावर ऐन जूनमध्ये मारला होता. दिसायला झकास, पण महिन्याभरात अंगठा टेकतो तिथे कडा उचलली आणि नखाने ओढल्यावर सालीसारखी अख्खी पट्टी निघून आली, खाली गुळगुळीत काळं प्लास्टिक तसंच. ना खरवडलं होतं, ना तेल नीट काढलं होतं, आणि नायलॉन हवेतला ओलावा शोषतं हे तर डोक्यातच नव्हतं. आता हलकं ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करणं), तेल काढणारं डिग्रीझर, मग कमी आचेवर गरम करून कोरडं, त्याशिवाय मी रंगाला हातच लावत नाही.

डायचं गणित वेगळं. रंग नायलॉनच्या आत मुरतो, थरच नाही म्हणजे साल निघायचा प्रश्नच नाही, पण तो फक्त गडद करतो, त्यामुळे वाळूरंगी किंवा करड्या फ्रेमलाच उपयोग.

म्हणून रोज सराव आणि काळी फ्रेम असेल तर कमी आचेची एच सिरीज, बजेट कमी असेल तर टू-के, फिकट फ्रेम असेल तर डाय. खेळण्यासारखा भडक रंग मात्र नकोच, लांबून कुणाला खरं-खोटं कळत नाही.

लायसन्सचं हत्यार असेल तर फ्रेम कुठल्याही पेंटवाल्याच्या हातात देऊ नका, लायसन्स असलेल्या दुकानातूनच काम करून घ्या, आणि नंबराची प्लेट टेपने झाकायला सांगा, काम झाल्यावर नंबर स्वच्छ वाचता येतोय का ते तिथेच उजेडात बघून मगच घ्या.