नोटो सान्स वांचो : लग्नपत्रिकेवरच्या एका नावासाठी

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं दुकान आहे. सुट्टीवर आलेला एक जवान बहिणीच्या लग्नपत्रिका टाकायला आला. म्हणाला, "दादा, यातली एक अरुणाचलला जाईल. त्या पाकिटावर मित्राचं नाव त्याच्याच लिपीत पाहिजे." मित्र लाँगडिंग जिल्ह्यातला, वांचो समाजाचा. त्याने नाव हाताने लिहून फोटो पाठवला होता.

ही लिपी तिथल्याच बनवांग लोसू या शिक्षकाने २००१ ते २०१२ या काळात घडवली, कारण रोमन अक्षरांत वांचोचे आवाज नीट बसत नव्हते. मार्च २०१९ मध्ये युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीच्या, १२.० आवृत्तीत ती आली. ४४ अक्षरं, ४ सूरखुणा (उच्चाराचा चढउतार दाखवणाऱ्या), १० अंक आणि एक चलनचिन्ह, एवढाच संसार.

नोटो सान्स वांचो हा फॉन्ट फुकट आहे आणि छपाईला वापरायला मोकळा. पाकिटाच्या मापात अक्षरं स्वच्छ उठली. जाडी एकच, त्यामुळे नाव ठळक करायचं तर आकारच वाढवावा लागतो. वांचोत जोडाक्षरं नाहीत, स्वरसुद्धा स्वतंत्र अक्षरं. देवनागरीत रफार आणि वेलांट्या सांभाळत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे फार सोपं वाटलं.

खरा वेळ टायपिंगने खाल्ला. माझ्याकडे कीबोर्ड नव्हता. अक्षरांच्या तक्त्यातून फोटोशी ताडून एकेक अक्षर उचललं, सात अक्षरांना पाऊण तास. त्यात ही अक्षरं युनिकोडच्या वरच्या मजल्यावर आहेत, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला नीट न कळणाऱ्या मोठ्या क्रमांकांवर. माझं जुनं पानं लावायचं सॉफ्टवेअर एका अक्षराला दोन धरत होतं, बॅकस्पेस मारला की अर्धं उडून रिकामा चौकोन उरायचा. नवीन सॉफ्टवेअरमध्ये हा त्रास झाला नाही. हे काम करणार असाल तर पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवाच. तेच नाव साध्या मेसेजने जवानाच्या फोनवर पाठवलं, तर सगळे चौकोनच दिसले.

युनिकोडच्या आधीचे दिवस मी भोगलेत. फॉन्ट बदलला की आख्खी मराठी पत्रिका कचरा व्हायची, कारण आत मराठी नसायचीच, इंग्रजी अक्षरांना मराठी कपडे घातलेले असायचे. इथे फोनवर चौकोन दिसले तरी आत अक्षर वांचोचंच होतं. फॉन्ट टाकला की ते उभं राहतं. अवघी ५९ चिन्हं, पण प्रत्येकाला जगात स्वतःचा क्रमांक आहे. मला हे फार मोठं वाटतं.

दुपारी आई डबा घेऊन आली, पडद्याकडे बघत म्हणाली, "हाई काय शे?" मी तिला नावातलं एकेक अक्षर बोटाने दाखवलं.

पीडीएफ मित्राला पाठवली. त्याने एका सूरखुणेभोवती लाल गोल करून परत धाडली, ती मी शेजारच्या अक्षरावर ठेवली होती. दुरुस्ती केली, पाकीट छापलं. त्या एका पाकिटाचे पैसे घेतले नाहीत.