पेनने घासत टायपिंग: कीबोर्ड भारी, पण निब खातेय पैसा

परवा टॅबच्या पेनची निब झिजून स्क्रीनवर करकरायला लागली म्हणून सर्व्हिस सेंटरला गेलो, तर तिथला माणूस म्हणे निब वेगळी मिळत नाही, पेनच नवीन घ्या. अहो, रिफिल संपली म्हणून कोणी बॉलपेन फेकतं का? शेवटी ऑनलाइन निबचं पाकीट मागवलं, कंपनीचं नाही पण चालतंय.

निब एवढी झिजते कारण मी या पेनने चित्रं वगैरे काढत नाही, टायपिंग करतो. जीबोर्डवर, म्हणजे गूगलच्या कीबोर्डवर, बोट न उचलता घासून शब्द काढतात ना, तेच पेनच्या टोकाने. आधी टॅबच्या अख्ख्या रुंदीच्या कीबोर्डवर करायचो, एका टोकाच्या ए पासून दुसऱ्या टोकाच्या पी पर्यंत हात फिरवून मनगट दुखायचं, बायकोला म्हटलंसुद्धा की पैसे पाण्यात गेले. मग कीबोर्ड फ्लोटिंग केला, म्हणजे स्क्रीनवर हवा तिथे सरकवता येईल असा सुटा, कोपरा ओढून पार लहान केला, आणि आता मत बदललंय. बोटाखाली कीज झाकल्या जातात, पेनखाली नाही, त्यामुळे छोट्या कीबोर्डवरही नेम लागतो आणि मनगट टेकलेलंच राहतं. ही घासून टायपिंगची आयडिया मुळात स्टायलसची, म्हणजे अशा पेनचीच आहे म्हणा, आयबीएमच्या शुमिन झाय आणि पेर ओला क्रिस्टेन्सन यांचा २००३ चा पेपर स्टायलस कीबोर्डवरच्या शॉर्टहँडवरच होता.

स्पेसबारवर पेन आडवं सरकवलं की कर्सर हलतो, डिलीटवरून डावीकडे ओढलं की शब्दच्या शब्द उडतात. या दोन गोष्टींची एवढी सवय लागलीय की ऑफिसच्या लॅपटॉपवर चिडचिड होते.

पण डोकं फिरतं ते ळ वर. मी इंग्रजी अक्षरांवरून मराठी काढतो, आणि घासताना ल आणि ळ दोघांना एल एकच. सोसायटीच्या ग्रुपवर माझा मेसेज गेला, 'पाण्याची वेल बदलली आहे', खाली लगेच एका काकांचं, फळं कधी धरणार? बरोबर शब्द वरच्या पट्टीत असतो, पण त्यासाठी पेन उचलायचं म्हणजे घासण्याचा फायदा काय राहिला? आता वेळ बऱ्यापैकी नीट येतं, काळ अजूनही काल. हाताने लिहायचा मोड पण आहे, माझ्या अक्षरापुढे त्याने हात टेकले.

बाकी निब खाण्यात त्या कागदासारख्या खरखरीत मॅट स्क्रीनगार्डचा मोठा हात आहे. तो काढला तर निब टिकेल, पण चांगले पैसे मोजलेत, फाटेपर्यंत काढणार नाही.