युरॅक्सेस पोर्टल: संशोधकांच्या नोकऱ्यांसाठी वापरून पाहिलं, ५ पैकी साडेतीन

पीएचडी करून कॉलेजात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवणारे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गावोगाव सापडतात, मीबी त्यातलाच. तासाचे पैसे, सुट्टीत शून्य, अन् बिल निघता निघता सोयाबीन निघून जाते. मित्रानं हे युरोपियन कमिशनचं पोर्टल दाखवलं. फुकट आहे, जाहिराती तर लॉगिन न करताही दिसतात.

आवडला तो जाहिरातीचा साचा. आठवड्याचे तास किती, जागा तात्पुरती की कायम, रुजू कधी व्हायचं, सगळ्याचा वेगळा रकाना. उमेदवाराच्या पायऱ्याबी ठरलेल्या, पीएचडी करणारा आर-१, झालेला पण अजून स्वतंत्र नसलेला आर-२, असं आर-४ पर्यंत. आपल्याकडं काय, 'अर्हता शासन नियमानुसार, मुलाखतीस स्वखर्चाने हजर राहावे', झालं! अन् नाव कोणाचं लागणार ते चहाच्या टपरीवर आधीच माहीत असते बाप्पा.

यामागं संशोधकांसाठीची २००५ ची युरोपियन सनद आहे, भरती खुली अन् गुणवत्तेवर व्हावी असं सांगणारी. डिसेंबर २०२३ मध्ये ती नव्यानं केली. पण ती शिफारसच आहे, कायदा नाही. काही विद्यापीठांच्या नावाजवळ एचआर एक्सलन्सचा शिक्का दिसते, त्यानं हुरळू नका, संस्थेनं स्वतःच्या उणिवा तपासून सुधारणेचा आराखडा हाती घेतला की तो मिळते, तुमचा गाईड कसा निघेल ते त्यात येत नाही.

आता त्रास. पगाराचा आकडा प्रत्येक जाहिरातीत नसते. जर्मनीवाले 'टीव्ही-एल ई-१३, ६५ टक्के' एवढं लिहून मोकळे, म्हणजे तिथल्या सरकारी वेतनश्रेणीतल्या पूर्ण पगाराच्या ६५ टक्के अन् तोबी कर-विमा कापायच्या आधीचा, तर आपल्या जेआरएफच्या (पीएचडीवाल्यांची फेलोशिप) महिन्याच्या ३७,००० शी तुलना करताना तिथलं घरभाडं आधी पाहा. तरी नेदरलँड, नॉर्वे, स्वीडनकडं पीएचडीवाला बहुतेक वेळा पगारी कर्मचारी असते, आजारपणाची रजा मिळते, फेलोशिप जमा झाली का म्हणून पासबुक घेऊन हिंडावं लागत नाही. माझ्यासाठी खरी गोष्ट ही आहे, पगाराचा आकडा नंतर. मेरी क्युरी या युरोपियन युनियनच्या योजनेतल्या पीएचडी जागांना अट आहे की मागच्या ३६ महिन्यांत जागा असलेल्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, आपले पोट्टे नागपूरच्या पुढं गेले नाहीत त्यामुळं तिथं पास.

अर्ज बरेचदा त्या विद्यापीठाच्या साईटवरच भरायचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी नवा फॉर्म. शेवटची वेळ नीट वाचा, ब्रुसेल्सचे रात्रीचे २३:५९ म्हणजे आपल्याकडं हिवाळ्यात पहाटेचे ४:२९, उन्हाळ्यात ३:२९. शेतीची लाईन तशीही रात्रीच येते, ओलित करता करता अर्ज भरून होते. कीटकशास्त्र, मृदाशास्त्रवाल्यांनी नक्की पाहा, मराठीवाल्यांसाठी मात्र मले काही खास दिसलं नाही.