फिल्म की डिजिटल? आधी कपाटातल्या लेन्स बघा

कासला फुलं आली की साताऱ्यात जुना एसएलआर (लेन्स बदलता येणारा फिल्म कॅमेरा) बाळगून असलेल्यांच्या मनात ‘आता डिजिटल घ्यावा का’ हा विषय येतोच. माझं उत्तर बहुतेक वेळा ‘घ्या’ असंच असतं. पण कुठला, हे घरातल्या लेन्सवर ठरवा.

पेंटॅक्स के-1000 असेल तर सुटलात, त्याच्या लेन्स पेंटॅक्सच्या डिजिटल एसएलआरवर सरळ बसतात. निकॉनमध्ये मेख आहे. डी-3000 आणि डी-5000 मालिकेतल्या स्वस्त बॉडींवर जुन्या मॅन्युअल लेन्स बसतात, पण मीटर (कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा भाग) चालत नाही. जुन्या एएफ-डी लेन्सना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते, म्हणून त्यांचा ऑटोफोकसही चालत नाही. डी-7100 किंवा डी-7200 वर एआय या जुन्या मॅन्युअल लेन्सना मीटर मिळतो आणि एएफ-डी फोकसही करतात. कॅननच्या एफडी लेन्स असतील तर डीएसएलआरच्या नादी लागू नका, मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) आणि साधा अडॅप्टर घ्या. शिवाय एपीएस-सी सेन्सरवर (तो फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो) निकॉनची 28 मिमीची वाइड लेन्स 42 मिमीसारखी, म्हणजे कमी रुंद दिसते. अजिंक्यताऱ्यावरून अख्खं शहर एका फ्रेममध्ये घेण्याची सवय असेल तर हे खटकेल.

कासवर मात्र तुलनाच नको. सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही इवली रोपं, जांभ्याच्या ओल्या सड्यावर बोटभर उंचीचे. फिरत्या स्क्रीनचा कॅमेरा असेल तर पायवाटेवर बसूनच फोकस लागतो, चिखलात लोळावं लागत नाही. पाच मिनिटांत ऊन, धुकं, पाऊस असं सगळं होऊन जातं. आयएसओ 100 चा (प्रकाशाला कमी संवेदनशील) रोल भरलेला असेल तर धुक्यात हात चोळत बसायचं. डिजिटलवर आयएसओ फोटोगणिक बदलतो.

फिल्मवाल्याची एक सवय इथे आडवी येते. कलर निगेटिव्हला प्रकाश थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडला की सावल्या गढूळ होतात. म्हणून आपण प्रकाश द्यायला हात सैल सोडतो. डिजिटलमध्ये उलटं: ठोसेघरच्या धबधब्याचं पांढरं पाणी जास्त प्रकाशाने एकदा कोरं पांढरं झालं की त्यातला तपशील परत येत नाही, सावल्या मात्र रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून बऱ्याच वर काढता येतात. स्लाइड फिल्म वापरलेल्यांना हे नवं नाही.

खर्चाचं काय? रंगीत रोल, धुलाई, स्कॅन आणि कुरिअर धरलं तर 36 फोटोंना हजार-दीड हजार सहज जातात. वर्षाला दोनच रोल संपत असतील तर त्या हिशेबाने डिजिटल स्वस्त पडेलच असं नाही. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुणाऱ्यांनी तर फिल्म सोडूच नये, असं माझं मत. मे महिन्यात डेव्हलपर 20 अंशांवर आणायला टबात बर्फ टाकावा लागतो, ती कटकट आहे खरी.

निगेटिव्ह पाकिटात वर्षानुवर्षं टिकतात, हार्ड डिस्क कधीही दगा देते. फोटोंच्या दोन प्रती, त्याही दोन ठिकाणी हव्यात. पावसाळ्यात लेन्सवरची बुरशी मात्र फिल्म असो की डिजिटल, सारखीच, तेव्हा हवाबंद डबा आणि सिलिका जेल लागणारच.

वापरलेली बॉडी घेताना शटर काउंट (आजवर किती फोटो काढले) विचारा आणि एफ/16 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान ठेवून, मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढून मोठा करून बघा. सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसते. धूळ साफ होते, ओरखडा राहतो.