कागद आयातीची तुलना करून देणारी साइट: चार्ट झकास, बाकी जरा सांभाळून

ऑफिसच्या एका रिपोर्टसाठी महिनाभर ही व्यापार आकडेवारीची साइट वापरली, पेड प्लॅन घेऊन, नाव मुद्दाम घेत नाही. काम साधंच होतं, एक देश आणि एक प्रदेश घ्यायचा आणि दोघांनी किती डॉलरचा कागदी माल मागवला ते शेजारी शेजारी ठेवायचं. मी जर्मनी आणि युरोपियन युनियन घेतलं.

चार्ट दोन क्लिकमध्ये येतो, मोबाइलवरपण नीट दिसतो, इमेज थेट रिपोर्टमध्ये टाकता येते. इथपर्यंत मस्त.

पण कागदी माल म्हणजे नक्की काय हे साइट धड सांगतच नाही राव. कस्टमच्या एचएस कोडमध्ये, म्हणजे मालाच्या प्रकाराला जगभर वापरतात त्या ठरावीक नंबरांमध्ये, कागद आणि पुठ्ठा चॅप्टर ४८ मध्ये येतात, लगदा आणि रद्दी ४७ मध्ये, छापील पुस्तकं वगैरे ४९ मध्ये. मला वाटलं तिन्ही धरलेत, मग न्यूजप्रिंटचा ४८०१, खोक्यांचा ४८१९ असे एकेक कोड उघडत बसलो तेव्हा कळलं फक्त ४८ च आहे. म्हणजे एखादा देश बाहेरून रद्दी आणून घरीच कागद बनवत असेल तर तो इथे एकदम स्वावलंबी दिसणार, भले बंदरात रद्दीच्या गठ्ठ्यांचे कंटेनर रोज उतरत असोत.

आणि ४८१८ ची रेषा, म्हणजे टॉयलेट पेपर टिश्यू वगैरे, २०१२ ला धपकन खाली. मी मंदीवर एक अख्खा पॅरा लिहून मोकळा झालो. नंतर समजलं की त्या वर्षी एचएसची नवी आवृत्ती लागू झाली आणि डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन तिथून उचलून ९६१९ मध्ये टाकले. माल येतच होता, नुसता खण बदलला. चार्टवर एक छोटी टीप टाकायला काय जात होतं?

पण खरा घोळ प्रदेशाच्या रेषेत आहे. साइट सगळ्या सदस्य देशांची आयात सरळ बेरीज करून दाखवते, आपापसातली धरून. समजा फिनलंडहून कागदाचे रीळ पोलंडला गेले, तिथे त्याचे टिश्यू रोल झाले आणि ते जर्मनीत विकले, तर बेरजेत तोच कागद दोनदा आयात झाला आणि युनियनच्या बाहेरून एक चिटोरंसुद्धा आलेलं नाही. आपापसातला व्यापार वगळायचा पर्याय आहे, पण सेटिंगच्या आत तिसऱ्या मेनूत, बारीक अक्षरात. तो टिक केला की युनियनची रेषा खाली येते पण जर्मनीची तशीच राहते, शेजाऱ्यांकडून घेतलेला माल धरून, मग भाग अख्ख्यापेक्षा मोठा दिसायची वेळ येऊ शकते. त्यामुळे जर्मनीलापण तोच फिल्टर हाताने लावायचा, हे मला दोन दिवस वाया घालवून कळलं.

सपोर्टला विचारलं, ब्रिटन २०२० ला बाहेर पडला, क्रोएशिया २०१३ ला आत आला, मग २०१० चा आकडा कोणत्या देशांचा? उत्तर चार दिवसांनी पण सरळ आलं, आजचे २७ देशच मागच्या सगळ्या वर्षांना लावलेत. चालेल, तुलनेला तेच बरं, पण हे विचारल्यावर का सांगता.

शेवटचं म्हणजे सगळं मूल्यात आहे आणि आयातीचं मूल्य बहुतेक देश सीआयएफ धरतात, म्हणजे मालाच्या किमतीत जहाजभाडं आणि विमापण आला. २०२१-२२ मध्ये कागद महागला, भाडीपण भडकली होती, रेषा वर गेली म्हणून कागद जास्त आला असं नाही. सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणारी आकड्यांची फाइल, डाउनलोड केली की त्यात किलोचा कॉलम सापडतो, डॉलर भागिले किलो केलं की लगेच समजतं भाव वाढला की माल. इतका कामाचा कॉलम चार्टवर का नाही देव जाणे. ५ पैकी ३ स्टार देतोय, त्यातला एक त्या कॉलमचा.